प्रश्न तुमचे : उलटे शीड, फुटलेला बांध आणि जांभ्याची भिंत

मागील अंकात या सदरात संगणकाला आज्ञा देऊन चित्र काढण्याविषयी लिहिले होते. पेन्सिल हातात न घेता, पायथनसारख्या संगणकीय भाषेतील एखाद्या ग्राफिक्स लायब्ररीला, म्हणजे चित्र काढण्याच्या तयार आज्ञांच्या संचाला, आकडे सांगून चौकोन, वर्तुळ, त्रिकोण असे साधे रंगीत आकार कसे उमटवावेत, एवढाच तो विषय होता. त्यावर मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांनी बिघडलेल्या चित्राची प्रतही सोबत जोडली, ही मोठी सोय झाली. कारण "चित्र नीट येत नाही" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही, पण बिघडलेले चित्र समोर असले की आज्ञा कुठे चुकली ते बहुधा लगेच कळते. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावीत.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. पायथनमधील टर्टल ही लायब्ररी वापरून मी शिडाची होडी काढली. होडीचे चार कोपरे (−२००, ०), (२००, ०), (१४०, −८०) आणि (−१४०, −८०) असे घेतले आणि शिडाचे तीन कोपरे (०, २०), (०, २२०) आणि (१३०, २०) असे घेतले. चित्र छान आले. मग तेच आकडे ८०० बाय ६०० च्या विंडोत पायगेम या पायथनच्याच दुसऱ्या लायब्ररीला दिले, तर होडी नाहीशी झाली आणि शीड डाव्या कडेला उलटे लटकले. आकडे तेच असताना असे का झाले?
— विद्यार्थी, वेंगुर्ले

उत्तर : तुमची होडी बुडालेली नाही, ती विंडोच्या वर निघून गेली आहे.

टर्टलमध्ये आरंभबिंदू, म्हणजे (०, ०), विंडोच्या मध्यभागी असतो आणि वाय हा निर्देशक वर जाताना वाढतो. शाळेत आलेखाच्या कागदावर आपण जे शिकलो तेच. पायगेममध्ये आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, एक्स उजवीकडे वाढतो आणि वाय मात्र खाली येताना वाढतो. तुमच्या होडीचा वाय ० पासून −८० पर्यंत आहे, आणि पायगेमच्या हिशेबात वजा वाय म्हणजे विंडोच्या वरच्या कडेपलीकडचा प्रदेश. नीट पाहिलेत तर अगदी वरच्या कडेला होडीच्या काठाची एका पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या जाडीची, रेघ कदाचित दिसेल. बाकी सारी होडी बाहेर. शिडाचे तिन्ही बिंदू शून्याच्या पुढचे असल्याने ते विंडोत राहिले, पण ज्याला तुम्ही शेंडा समजत होता तो २२० चा बिंदू आता सर्वांत खाली गेला आणि २० वर असलेली शिडाची खालची कड वर आली. म्हणून शीड वटवाघळासारखे लटकलेले दिसते.

वाय खाली का वाढवला, असे तुम्ही विचाराल. जुन्या काचेच्या पडद्यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून, आपण मजकूर वाचतो तसा, एकेक ओळ संपवत खाली येत असे. पडद्यावरचे चित्र साठवणारी मेमरीही त्याच क्रमाने मांडली गेली. तो पडदा गेला, पण मोजण्याची रीत राहिली, आणि आज बहुतेक ग्राफिक्स लायब्रऱ्या तीच पाळतात. टर्टल मुलांना भूमिती शिकवण्याच्या हेतूने घडल्यामुळे तिने आलेखाच्या कागदाची रीत ठेवली.

यावर उपाय सोपा आहे. पायगेमसाठी एक्समध्ये विंडोच्या रुंदीचा निम्मा भाग मिळवावा आणि उंचीच्या निम्म्या भागातून वाय वजा करावा. तुमच्या विंडोसाठी नवा एक्स म्हणजे ४०० अधिक जुना एक्स, आणि नवा वाय म्हणजे ३०० वजा जुना वाय. त्याप्रमाणे होडीचे कोपरे (२००, ३००), (६००, ३००), (५४०, ३८०) आणि (२६०, ३८०) असे होतील, तर शिडाचे (४००, २८०), (४००, ८०) आणि (५३०, २८०) असे होतील. हे हाताने करत बसू नये. दोन ओळींचे एक फंक्शन लिहावे आणि प्रत्येक बिंदू त्यातूनच पुढे पाठवावा. उद्या विंडो मोठी केली तर एका जागी बदल करून भागेल.

आणखी एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, कारण होडीनंतर तुम्ही बंदरावरचे घर काढायला घ्याल. पायगेमच्या चौकोनाला डावी कड, वरची कड, रुंदी आणि उंची असे चार आकडे लागतात. टर्बो सी (सी भाषेचे एक जुने साधन) किंवा टीकेइंटर (पायथनचीच आणखी एक लायब्ररी) यांच्या चौकोनाला मात्र समोरासमोरचे दोन कोपरे लागतात. दोन्हीकडे आकडे चारच असल्यामुळे चूक झाली तरी संगणक तक्रार करत नाही, फक्त घर भलत्याच आकाराचे होते. मावळत्या सूर्यासाठी कंस काढाल तेव्हा पायगेमला कोन अंशांत न देता रेडियनमध्ये द्यावा लागतो. १८० लिहून अर्धवर्तुळाची वाट पाहणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत, तेथे ३.१४१६ हवे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात अजून टर्बो सी शिकवतात. मी समुद्रावरचा सूर्य काढण्यासाठी पांढऱ्या रंगाने (३२०, २४०) या केंद्राभोवती ८० त्रिज्येचे वर्तुळ काढले, भरण्याचा रंग पिवळा ठरवला आणि आकारात रंग भरणाऱ्या फ्लडफिल या आज्ञेला ३२०, २४० व पिवळा असे तीन आकडे दिले. सूर्याऐवजी सगळा पडदाच पिवळा झाला आणि वर्तुळही दिसेना. असे का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : फ्लडफिलचा तिसरा आकडा हा भरण्याचा रंग नव्हे, तो बांधाचा रंग आहे. या एका गैरसमजाने जितके पडदे पिवळे झाले असतील तितके दुसऱ्या कशाने झाले नसावेत.

फ्लडफिलचे काम नावाप्रमाणे पुरासारखे चालते. तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी ती रंग सोडते, तो रंग शेजारच्या पिक्सेलवर जातो, तेथून त्याच्या शेजारच्यावर, आणि तुम्ही सांगितलेल्या बांधाच्या रंगाचा पिक्सेल समोर येईपर्यंत तो थांबत नाही. तुम्ही बांध पिवळा आहे असे सांगितलेत, पण पडद्यावर बांध होता पांढरा. त्यामुळे पांढरे वर्तुळ तिच्या लेखी बांध नव्हतेच. रंग त्याच्यावरूनही पसरला आणि ६४० बाय ४८० च्या पडद्यावरचे सगळे ३,०७,२०० पिक्सेल भरूनच थांबला. तिसऱ्या जागी पांढरा लिहा, सूर्य वर्तुळातच राहील.

दुसरी चूक पुढे केव्हातरी होणार आहे, म्हणून आताच लिहितो. आपल्याकडे खारजमिनीच्या बांधाला एखादी लहानशी खांड पडली तरी भरतीचे पाणी सगळे शेत व्यापते. खांड केवढी आहे याला महत्त्व नसते, ती आहे की नाही एवढेच महत्त्वाचे असते. येथेही तसेच आहे. दोन रेषा एकमेकींना भेटायला एक पिक्सेल कमी पडला, डोळ्यांना ती फट दिसलीही नाही, तरी रंग तेथून बाहेर पडतो. विद्यार्थी असताना मी नारळाच्या झावळ्या एकेका कंसाने जोडून काढल्या होत्या आणि परीक्षकांसमोर प्रोग्रॅम चालवताच झावळी, आकाश, समुद्र सारे एकाच क्षणी हिरवे झाले. कंसांची टोके गणिताने जुळत होती, पण पूर्णांकात मोडताना एका टोकाला एक पिक्सेल मागे राहिला होता. आणि रंग सोडण्याची जागा चुकून नेमकी बांधावरच पडली तर उलटा प्रकार होतो : काहीच भरत नाही.

म्हणून शक्य असेल तेथे फ्लडफिल टाळावी. त्याच टर्बो सीमध्ये भरलेल्या लंबवर्तुळासाठी फिलइलिप्स, भरलेल्या चौकोनासाठी बार आणि भरलेल्या बहुभुजासाठी फिलपॉली आहे. या आज्ञा बांध शोधत नाहीत. आकाराच्या आत काय येते ते आकड्यांवरून काढतात आणि तेवढेच रंगवतात, त्यामुळे गळतीचा प्रश्नच उद्भवत नाही. टर्टलमधील बिगिन-फिल आणि एंड-फिल यांचेही तत्त्व हेच आहे : दोन्हींच्या मधल्या वाटेवरचे कोपरे लक्षात ठेवले जातात, आणि शेवटचा कोपरा पहिल्याला भिडला नसेल तर सरळ रेषेने भिडवून मग रंग भरला जातो. फ्लडफिल मात्र एकदा तरी स्वतः लिहून पाहावी. अभ्यासक्रमात तिचे स्थान योग्यच आहे.

प्रश्न : मी चित्रकला शिक्षक होतो. लाल आणि हिरवा मिसळला की मातकट तपकिरी होतो, असे मी पस्तीस वर्षे मुलांना दाखवत आलो. नातीने परवा संगणकावर लाल २५५, हिरवा २५५, निळा ० असे लिहिले आणि लख्ख पिवळा चौकोन काढून दाखवला. आमचे शिकवणे चुकीचे होते काय?
— निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, आपले शिकवणे चुकीचे नव्हते, आणि नातीचा चौकोनही खरा आहे. आपण दोघे दोन वेगळ्या गोष्टी मिसळत आहात.

पोस्टर कलर स्वतः उजेड देत नाही. खिडकीतून आलेल्या पांढऱ्या उजेडातला काही भाग तो गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. लाल रंग हिरवा आणि निळा उजेड गिळतो. हिरवा रंग लाल आणि निळा गिळतो. दोन्ही एकत्र केले की दोघेही आपापला वाटा गिळतात आणि परत यायला फारसे काही उरत नाही, म्हणून मिश्रण काळपट दिसते. पडदा गिळत नाही, तो देतो. त्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे शेजारी शेजारी असतात. आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. खऱ्या पिवळ्या उजेडाने त्यांतल्या ज्या दोन प्रकारच्या पेशी जाग्या होतात, त्याच दोन लाल आणि हिरवा दिवा एकदम लावल्यानेही जाग्या होतात, आणि मेंदू "पिवळा" असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. पडद्यावर त्या वेळी पिवळा उजेड मुळी नसतोच.

हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येईल. मोबाइलच्या पडद्यावर नातीचा पिवळा चौकोन आणावा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवावा. पावसात मोबाइल बाहेर काढणाऱ्यांना हा अनुभव आहेच : थेंब भिंगाचे काम करतो आणि त्याखाली पिवळ्याच्या जागी लाल व हिरवे कण अलग दिसू लागतात. नंतर पडदा पुसून घ्यावा. आपली बाजूही तशीच तपासता येते. या मासिकाचे रंगीत मुखपृष्ठ भिंगाखाली धरावे. तेथे आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंचे ठिपके दिसतील, आणि त्यांचे मिश्रण आपल्या पोस्टर कलरच्याच नियमाने चालते.

आकड्यांविषयी थोडे. प्रत्येक दिव्याला ० पासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या असतात, कारण त्याची तीव्रता आठ बिटांत साठवली जाते. तीन दिव्यांचे मिळून २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग होतात. तिन्ही आकडे समान असले की करडा, तिन्ही २५५ असले की पांढरा, तिन्ही शून्य असले की काळा. आपण पांढरा मिसळून रंग फिका करत होता, त्याऐवजी येथे प्रत्येक आकडा २५५ च्या दिशेने सरकवावा. काळा मिसळण्याऐवजी तिन्ही आकडे त्याच प्रमाणात कमी करावेत. जांभ्याच्या चिऱ्यासाठी मी (१५८, ७२, ४८) वापरतो. त्याचीच सावली हवी असेल तर निम्मे करून (७९, ३६, २४) घेतो, आणि उन्हातली बाजू हवी असेल तर पांढऱ्याच्या दिशेने निम्मे अंतर जाऊन (२०६, १६३, १५१) घेतो. पिकल्या हापुसाला (२४४, १६६, ४२), कोकमाच्या फळाला (११०, १६, ४४) आणि मृगाच्या आधीच्या समुद्राला (८६, ११०, १०८) मला बरे वाटतात. हे आकडे माझ्या डोळ्यांनी ठरवलेले आहेत. आपली नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, तेव्हा नातीला आकडे टंकायला सांगून आपण "थोडा लाल कमी कर" असे म्हणत बसावे. एका संध्याकाळीच तिन्ही दिवे आपल्या हातात येतील.

नात टर्टल वापरत असेल तर हे आकडे दिल्यावर रंग चुकीचा असल्याची तक्रार येईल, कारण टर्टल सुरुवातीला ० ते १ ही मोजपट्टी धरते. प्रोग्रॅमच्या आरंभी कलरमोड २५५ ही आज्ञा दिली की तक्रार थांबते.

प्रश्न : मुलासाठी बंदराच्या तोंडाचे चित्र केले. लाल आणि हिरवा बोया काढला, पण समुद्र काढल्यावर दोन्ही दिसत नाहीत. आज्ञा बरोबर आहेत.
— वाचक, हर्णै

उत्तर : आज्ञा बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. जो आकार नंतर काढला जातो तो आधीच्यावर बसतो, म्हणून बोया समुद्राखाली गेले. गणपतीच्या चित्रशाळेत आधी अंगाचा रंग, मग पीतांबर, मग दागिने आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, असे काम चालते. तसेच आधी आकाश, मग समुद्र, मग बोया, मग होड्या. बोया हलवायचे असतील तर प्रत्येक वेळी आकाशापासून सगळे पुन्हा रंगवावे लागेल, नाहीतर जुन्या जागेवरच्या बोयांचा माग पडद्यावर राहील. आणि एक : आपल्या चित्रात समुद्राकडून बंदराकडे पाहिले जात आहे आणि लाल बोया उजवीकडे आहे. भारतातल्या बंदरात शिरताना लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे असतो. घरातल्या तांडेलाने चित्र पाहण्याआधी तेवढे बदलून घ्यावे.

प्रश्न : टर्टल म्हणजे कासवच ना? आमच्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात, म्हणून उत्सुकतेने विचारते. आणि मध्यभागी वर्तुळ काढायला सांगितले की ते नेहमी वर सरकते, ते का?
— आठवीची विद्यार्थिनी, मंडणगड तालुका

उत्तर : हो, कासवच. १९६७ साली अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सीमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. पुढे तिला एक घुमटाच्या पाठीचे लहानसे यंत्र जोडण्यात आले, जे मुलांच्या आज्ञेप्रमाणे जमिनीवर अंथरलेल्या कागदावर फिरत असे आणि पोटाखालच्या पेनने रेघ ओढत असे. त्याला टर्टल म्हणत. त्याच्याही वीसेक वर्षे आधी इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टर यांनी उजेडाकडे जाणारी छोटी चाकांची यंत्रे केली होती आणि त्यांना कासव म्हटले होते, तेथून हे नाव आले. जमिनीवरचे यंत्र नंतर पडद्यावर गेले, आणि पायथनसोबत मिळणारी टर्टल ही त्याचीच पुढची पिढी.

तू पहाटे वाळूवर कासवीण चढून गेल्याचा माग पाहिला असशील. पडद्यावरचे कासवही केवळ माग सोडते. "पुढे १००, डावीकडे ९०" एवढेच त्याला कळते. हे चार वेळा केले की चौरस होतो. वळणे ९० ची का, तर पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करायचे असेल तर एकूण ३६० अंश वळावे लागते, आणि त्याचे चार भाग ९० चे. त्रिकोणासाठी तीन भाग, म्हणून वळण १२० चे. ६० लिहिणारे सगळे आतला कोन मोजत असतात, पण कासव आत बसलेले नसते, ते कडेवरून चालत असते. पाच टोकांच्या चांदणीला १४४ ची पाच वळणे लागतात, म्हणजे ७२० अंश. कासव दोन फेऱ्या मारते. तिच्यात रंग भरलास तर मधला पंचकोन काही संगणकांवर भरतो आणि काहींवर कोरा राहतो, त्यात तुझी चूक नाही.

वर्तुळाचे उत्तरही यातच आहे. कासव केंद्रात बसून कंपास फिरवत नाही. ते जेथे उभे आहे तेथून कडेकडेने चालू लागते, आणि केंद्र त्याच्या डाव्या हाताला एक त्रिज्या अंतरावर येते. कासवाचे तोंड सुरुवातीला उजवीकडे असते, म्हणून डावा हात म्हणजे वरची बाजू, आणि म्हणूनच वर्तुळ वर सरकलेले दिसते. १०० त्रिज्येचे वर्तुळ मधोमध हवे असेल तर आधी पेन उचलून (०, −१००) वर जा, पेन टेकव आणि मग वर्तुळ काढ.

तुझ्या शिक्षकांनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की शाळेच्या एका संगणकावर टर्टल "अशी आज्ञाच नाही" असे का म्हणते. त्या संगणकावर कोणीतरी आपल्या प्रोग्रॅमला टर्टल हेच नाव देऊन तो त्याच फोल्डरमध्ये साठवला असणार. पायथन मग खऱ्या टर्टलऐवजी ती फाइल उघडते. फाइलचे नाव बदलावे.

प्रश्न : माझे वडील गवंडी आहेत. त्यांना दाखवण्यासाठी पायगेममध्ये जांभ्याची भिंत काढायची आहे. चौकोन एकावर एक ठेवले, तर ते म्हणाले, "ही भिंत उभी राहायची नाही." शिवाय सगळे चिरे एकाच रंगाचे, प्लास्टिकचे वाटतात.
— वाचक, संगमेश्वर

उत्तर : वडिलांचे म्हणणे बांधकामालाही खरे आहे आणि चित्रालाही. तुमच्या चित्रात उभे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेषेत आले आहेत. गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही. खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरचा चिरा मधोमध बसवतो. तेच संगणकाला सांगायचे आहे.

चिरा ७० पिक्सेल रुंद आणि ४० उंच घ्या, आणि सांध्याला ४ पिक्सेल सोडा. मग एका चिऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची आडवी चाल ७४ होते आणि एका थरापासून दुसऱ्यापर्यंतची उभी चाल ४४. थरांची मोजणी शून्यापासून करा. चिऱ्याची वरची कड म्हणजे थराचा क्रमांक गुणिले ४४, आणि डावी कड म्हणजे थरातला क्रमांक गुणिले ७४. पण थराचा क्रमांक विषम असेल तर त्यातून ३७, म्हणजे निम्मी चाल, वजा करावी. क्रमांक विषम आहे की नाही हे त्याला २ ने भागून बाकी पाहिल्याने कळते. आधी पूर्ण विंडो चुन्याच्या किंवा सिमेंटच्या रंगाने रंगवा, म्हणजे सांधे आपोआप दिसतील, ते वेगळे काढावे लागणार नाहीत. ८०० बाय ६०० च्या विंडोला १४ थर आणि प्रत्येक थरात १२ चिरे पुरतात. काही चिरे विंडोबाहेर अर्धे जातील; त्याची चिंता नको, पायगेम ते स्वतःच कापतो, आणि भिंतीच्या टोकाला अर्धा चिरा लागतोच हे तुमचे वडील सांगतील.

रंगासाठी, प्रत्येक चिऱ्याला −१२ ते १२ मधला एक यादृच्छिक आकडा निवडा आणि तोच आकडा (१५८, ७२, ४८) मधल्या तिन्ही घटकांत मिळवा. तिन्हींसाठी वेगवेगळे आकडे निवडलेत तर एखादा चिरा हिरवट, एखादा जांभळट दिसू लागेल. एकच आकडा मिळवला तर रंग साधारण तोच राहून फक्त उजळ किंवा गडद होतो, आणि एकाच खाणीतून आलेल्या चिऱ्यांत फरक असतो तो बहुतांशी तसाच. जांभ्याची भोके दाखवायची असतील तर प्रत्येक चिऱ्यात एक-दोन पिक्सेल त्रिज्येची सहा-सात वर्तुळे, चिऱ्याच्याच रंगाच्या निम्म्या आकड्यांत, विखरून टाका. कडेपासून ४ पिक्सेल आत ठेवा, नाहीतर भोके सांध्यात पडतील.

हे सगळे आकडे विंडो सतत ताजी करणाऱ्या फेरीच्या आत निवडू नका. तेथे निवडलेत तर दर सेकंदाला कित्येक वेळा प्रत्येक चिऱ्याला नवा रंग मिळेल आणि भिंत उन्हातल्या पाण्यासारखी लखलखत राहील. फेरी सुरू होण्यापूर्वी १६८ चिऱ्यांचे रंग आणि भोकांच्या जागा एका यादीत साठवा आणि आत फक्त त्या यादीवरून रंगवा. मग वडिलांना पुन्हा बोलवा, आणि खालच्या थराला चिरे थोडे मोठे हवेत असे ते म्हणाले, तर ७० आणि ४० हे आकडे थराप्रमाणे कसे बदलायचे ते पुढच्या पत्रात विचारा.